टीबीचा जंतू, आपल्या पेशी आणि औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या कॉलेजांत, गावांतल्या बैठकांत टीबीवर बोलणं झालं की पुढे कितीतरी दिवस फोनवर प्रश्न येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. दवाखान्यात सांगतात त्या जवळपास प्रत्येक नियमामागे जंतूच्या किंवा पेशीच्या आतलं एक ठोस कारण असतं. ते कारण कुणी नीट समजावून सांगितलं तर माणूस कोर्स अर्धवट सोडत नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं. मात्र हे वाचून स्वतःचं औषध स्वतः बदलू नका. त्यासाठी डॉक्टरच हवेत.

१. टीबी कशामुळे होतो? आमच्या घरात आजोबांना होता, मग तो रक्तातून आला का?

नाही, तो आनुवंशिक नाही. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस नावाच्या जंतूमुळे तो होतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा शोध जाहीर केला, म्हणून तो दिवस जागतिक क्षयरोग दिन. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा अतिसूक्ष्म कण हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. एका घरात अनेकांना टीबी होतो तो रक्ताच्या नात्याने होत नाही, एकाच खोलीतली हवा सगळे घेतात म्हणून होतो.

ताट-वाटी, कपडे, हात मिळवणं यांतून तो पसरत नाही. सुनेला टीबी निघाला की तिची भांडी वेगळी करायची, तिला माहेरी धाडून द्यायचं, हे आपल्याकडे अजून चालतं. त्याने एकही जंतू थांबत नाही, फक्त पुढचा माणूस आजार लपवायला शिकतो. त्यापेक्षा खिडक्या उघडा, घरात ऊन येऊ द्या, खोकताना तोंडावर रुमाल धरा आणि औषध वेळेवर सुरू करा.

२. आपल्या शरीरातल्या पेशी जंतू मारतात ना? मग हा जंतू त्यांच्यातच कसा राहतो?

टीबीच्या संशोधनातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

फुप्फुसाच्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. जंतू आला की त्या त्याला गिळतात आणि एका पिशवीत कोंडतात. एरवी ही पिशवी आम्ल आणि पाचकरसांनी भरलेल्या दुसऱ्या पिशवीला जाऊन मिळते आणि जंतू संपतो. टीबीचा जंतू या दोन पिशव्यांची भेटच होऊ देत नाही. त्याच्याभोवती मायकोलिक आम्लांचं जाड, मेणचट कवच असतं आणि त्यातले काही स्निग्ध पदार्थ पेशीची आतली वाहतूक बिघडवतात. शिवाय जंतूकडे ईएसएक्स-१ नावाची प्रथिनं बाहेर सोडणारी यंत्रणा आहे. तिच्या जोरावर तो पिशवीचा पडदा फाडतो. म्हणजे मारणाऱ्या पेशीतच त्याचं बिऱ्हाड होतं. वर तो पेशीतलं कोलेस्टेरॉल खाऊन जगू शकतो.

मग शरीर दुसरा डाव टाकतं. रोगप्रतिकारक टी-पेशी धावून येतात, इंटरफेरॉन-गॅमा नावाचा संदेश सोडतात आणि थकलेल्या भक्षक पेशींना बळ देतात. जंतूभोवती पेशींचा वेढा पडून गाठ तयार होते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. हा वेढा टिकवायला टीएनएफ नावाचं प्रथिन लागतं, त्याचा संबंध प्रश्न १३ मध्ये येईल. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की जंतू डॉस-आर नावाची जनुकव्यवस्था चालू करतो आणि वाढ जवळपास थांबवून पडून राहतो.

ही गाठ म्हणजे शरीराची तटबंदीच, असं अनेक दशकं मानलं जात होतं. बडोद्याला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन यांनी पारदर्शक झेब्रामाशांच्या पिल्लांत टीबीच्याच कुळातला दुसरा जंतू सोडला आणि गाठ तयार होताना सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पाहिली. सुरुवातीच्या काळात जंतूच ईएसएक्स-१ च्या मदतीने नव्या भक्षक पेशींना गाठीकडे ओढतो, या नव्या पेशी मरणाऱ्या जुन्या पेशी गिळतात आणि जंतूचं नवं घर बनतात, असं त्यांच्या कामातून दिसलं. एकच गाठ कधी माणसाच्या बाजूने असते, कधी जंतूच्या. नवी औषधं आणि लसी शोधणारे आज याच तोलावर काम करत आहेत.

३. तपासणीत ‘जंतूचा संसर्ग आहे, पण टीबी नाही’ असं सांगितलं. हे कसं शक्य आहे?

जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येला कधी ना कधी हा संसर्ग झालेला आहे. त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात पुढे आजार होतो आणि बहुतेकांना तो पहिल्या दोन वर्षांतच होतो. बाकीच्यांमध्ये प्रश्न २ मधला वेढा टिकून राहतो. अशा माणसाला खोकला नसतो आणि तो कुणाला आजार देत नाही.

हा संसर्ग ओळखायला हातावर टोचून करायची सी-टीबी ही नवी चाचणी आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या या चाचणीला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तिच्यात ईएसएटी-६ आणि सीएफपी-१० ही जंतूची दोन प्रथिनं वापरतात. बीसीजी लशीच्या जंतूत ही दोन्ही नाहीत, त्यामुळे जुन्या चाचणीसारखा लशीमुळे घोटाळा होत नाही. घरात टीबीचा रुग्ण असेल तर बाकीच्यांना आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात. एक पर्याय सहा महिने रोज आयसोनियाझिड, दुसरा आठवड्यातून एकदा असे १२ डोस. ‘मला काही होत नाही, मग गोळी कशाला’ म्हणून हे टाळू नका.

४. थुंकीच का मागतात? रक्तातून टीबी कळत नाही का?

फुप्फुसाच्या टीबीत जंतू फुप्फुसात असतो, रक्तात तो सहसा सापडत नाही. पूर्वी खासगी लॅबमध्ये रक्तातली प्रतिपिंडं मोजून ‘टीबी आहे’ असे रिपोर्ट दिले जात. ते इतके चुकत होते की केंद्र सरकारने जून २०१२ मध्ये या चाचण्यांवर बंदी घातली. आजही कुणी असा रिपोर्ट दाखवून औषध सुरू करायला सांगितलं तर थुंकीची तपासणी मागून घ्या. रक्तातल्या टी-पेशींचं इंटरफेरॉन-गॅमा मोजणारी आयग्रा ही वेगळी चाचणी आहे, पण तीही फक्त संसर्ग सांगते, आजार नाही.

नमुना म्हणून लाळ चालत नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनला शे-सव्वाशे पुरतात, पण डबीत नुसती लाळ असेल तर तेही सापडत नाहीत.

५. सीबीनॅट, ट्रूनॅट ही मशीन आत नेमकं काय बघतात?

जंतूचा डीएनए. नमुन्यातले जंतू फोडून त्यांच्या डीएनएचा ठरावीक तुकडा मशीन लाखो पटींनी वाढवतं. १९९८ मध्ये या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. सुमारे ४४ लाख अक्षरं आणि ४ हजारांच्या आसपास जनुकं. त्यातल्या आरपीओ-बी जनुकातल्या ८१ अक्षरांच्या छोट्या पट्ट्यात बदल असेल तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध बहुतेक वेळा लागू पडत नाही. सीबीनॅट जंतू आहे का आणि या पट्ट्यात बदल आहे का, ही दोन्ही उत्तरं साधारण दोन तासांत देतं. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीचं आहे आणि बॅटरीवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या आपल्या तालुक्यांसाठी ही मोठी सोय आहे.

६. दोन तासांत रिपोर्ट आला, तरी पुन्हा कल्चरला नमुना का पाठवला? आणि त्याला दीड-दोन महिने का?

कारण सीबीनॅट फक्त रिफाम्पिसिनबद्दल बोलतं. आयसोनियाझिडला जंतू दाद देतो की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लाइन प्रोब ही चाचणी असते, ती कॅट-जी आणि आयएनएच-ए या जनुकांतले बदल शोधते. बाकीच्या औषधांसाठी जंतू प्रत्यक्ष वाढवून पाहावा लागतो, त्यालाच कल्चर म्हणतात. पोटातला ई. कोलाय जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला १८ ते २४ तास लागतात. म्हणून घन माध्यमावर तो उगवायला सहा ते आठ आठवडे जातात. प्रयोगशाळेने उशीर केला म्हणून चिडू नका, वेळ जंतूच घेतो.

७. चार-चार औषधं कशाला? एकच जालीम गोळी का देत नाहीत?

हिशेब करून बघा. जंतू वाढताना त्याच्या डीएनएमध्ये आपोआप चुका होतात. साधारण दहा लाख जंतूंत एखादा आयसोनियाझिडला न जुमानणारा असतो. रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एखादा. फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिच्यात दहा कोटी जंतू सहज असतात. नुसतं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे मरतील, पण शंभरएक शिल्लक राहतील आणि तेच वाढतील. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू मात्र शंभर लाख कोटींत एखादा. तेवढे जंतू माणसाच्या अंगात मावतच नाहीत.

हे गणित पुस्तकी नाही. १९४० च्या दशकात एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलेले रुग्ण आधी सुधारले आणि नंतर त्यांतल्या अनेकांच्या जंतूंवर औषध चालेनासं झालं. म्हणूनच चारपैकी ‘जड जाते’ म्हणून एखादी गोळी काढून बाकीच्या घेणं हे सगळ्याच बंद करण्याइतकंच धोक्याचं आहे.

८. दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं. मग सहा महिने का?

कारण सगळे जंतू एका अवस्थेत नसतात. भराभर वाढणारे आयसोनियाझिडमुळे पहिल्या काही दिवसांतच मरतात, कारण ते औषध मेणचट कवच बांधण्याचं काम बंद पाडतं. खोकला आणि ताप या जंतूंमुळे असतो, म्हणून बरं वाटतं. आम्लाच्या वातावरणात दबलेल्यांवर पायराझिनामाइड चालतं. अधूनमधून थोडीशी हालचाल करणारे जंतू रिफाम्पिसिन मारतं, पण त्याला महिने लागतात. असे जंतू कवच बांधतच नाहीत, मग आयसोनियाझिड त्यांचं बांधकाम कसं बंद पाडणार? औषध मध्येच सोडलं की हेच मागे राहिलेले जंतू पुन्हा उठतात.

कोर्स लहान करण्याचं काम चालू आहे. रिफापेन्टिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेला चार महिन्यांचा कोर्स सहा महिन्यांच्या तोडीचा ठरल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. पण त्यातली औषधं वेगळी आहेत. नेहमीचाच कोर्स चार महिन्यांत थांबवणं म्हणजे तो कोर्स नव्हे.

९. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. औषध चालू असताना जावं का? तिकडे गोळ्या कशा मिळतील?

बीड, जालना, परभणी, धाराशिव भागांतून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता अर्ध्यावर सोडता येत नाही, हे आम्ही जाणतो. ‘जाऊच नका’ असा सल्ला देऊन उपयोग नाही.

निघण्याआधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगा की कुठल्या कारखान्यावर आणि कुठल्या गावच्या फडावर जाणार. तुमची नोंद निक्षय या देशभरच्या यंत्रणेत असते. तो निक्षय क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. त्या क्रमांकावर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी कर्नाटकातही वर्ग करता येतो आणि सरकारी औषध सगळीकडे मोफत आहे. प्रवासाच्या दिवसांच्या गोळ्या सोबत मागून घ्या. अडचण आली तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा मोफत नंबर आहे. औषध सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील तर डॉक्टरांना विचारूनच निघा. कोपीत सगळं कुटुंब दाटीने झोपतं, त्यामुळे तोवर लहान लेकरांना जपायला हवं.

गोळ्यांत खंड पडलाच तर लाजून गप्प बसू नका. परत जा, थुंकी पुन्हा तपासून घ्या. रागावतील म्हणून दवाखाना टाळणारी माणसं आम्हाला भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं. रागावणं हा उपचाराचा भाग नाहीच.

१०. लहानपणी बीसीजी टोचली होती, तरी टीबी कसा झाला? नवी लस कधी येणार?

बीसीजी १९२१ पासून वापरात आहे. काल्मेट आणि गेरँ यांनी गाईगुरांच्या टीबीचा जंतू तेरा वर्षं पुन्हा पुन्हा वाढवून कमजोर केला. त्या ओघात त्याच्या डीएनएमधला आरडी-१ हा तुकडा गळून पडला. ईएसएक्स-१ यंत्रणेची सामग्री त्याच तुकड्यात होती. ही लस बाळांना मेंदूच्या टीबीपासून आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं वाचवते, म्हणून ती द्यायलाच हवी. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून मात्र भरवशाचं संरक्षण मिळत नाही. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीने हे दाखवून दिलं.

नव्या लसींत एम-७२ कडे सगळ्यांचं लक्ष आहे. आधीच संसर्ग झालेल्या प्रौढांत तिने आजार जवळपास निम्म्याने रोखला. तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. ती पूर्ण होईपर्यंत तारीख सांगणं चुकीचं ठरेल.

११. औषधासोबत खाण्याला खरंच इतकं महत्त्व आहे का?

आहे. उपाशी शरीरात टी-पेशींची संख्या आणि ताकद दोन्ही घटतात, इंटरफेरॉन-गॅमा कमी पडतं आणि वेढा ढिला होतो. झारखंडमध्ये झालेल्या ‘राशन्स’ अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये आले. त्यात रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषक घटक दिले. एवढ्यानेच घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, संसर्गजन्य टीबीचं ४८ टक्क्यांनी. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यातला मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होता. एवढा परिणाम साध्या धान्याने होतो.

महागड्या पावडरीच्या डब्यांवर पैसे घालवू नका. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाणे, अंडी, दूध पुरेसं असलं की झालं. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. बँक खात्याची नोंद झाली आहे का, ते विचारत राहा.

१२. मला शुगर आहे. मला जास्त धोका आहे का?

हो, साधारण दोन ते तीन पट. वाढलेल्या साखरेमुळे भक्षक पेशींचं काम मंदावतं आणि टी-पेशी उशिरा जाग्या होतात. दगडखाणीत आणि क्रशरवर काम करणाऱ्यांनाही धोका मोठा आहे, कारण सिलिकाची धूळ भक्षक पेशींनाच मारते.

रिफाम्पिसिन यकृतातली विकरं वाढवतं, त्यामुळे शुगरच्या काही गोळ्या लवकर निचरून जातात आणि साखर वर जाते. त्याच कारणाने पाळणा लांबवायच्या गोळ्याही भरवशाच्या राहत नाहीत, दुसरं साधन वापरावं. लघवी नारिंगी होणं मात्र निव्वळ औषधाचा रंग आहे, घाबरू नका.

१३. संधिवाताचं भारी इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी का सांगितली?

अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब ही इंजेक्शनं टीएनएफ अडवतात. सांध्यांची सूज त्यामुळे कमी होते. पण प्रश्न २ मधला वेढाही टीएनएफवरच टिकलेला असतो. तो सुटला की वर्षानुवर्षं निपचित पडलेला जंतू उठतो. आधी तपासणी, गरज असेल तर प्रतिबंधक औषध आणि मगच इंजेक्शन.

१४. एमडीआर टीबी म्हणजे आता काही खरं नाही, असं सगळे म्हणतात.

तसं राहिलेलं नाही. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही चालत नाहीत तो एमडीआर. पूर्वी त्याला दीड-दोन वर्षं उपचार लागत आणि इंजेक्शनांनी कित्येकांचं ऐकू येणं कायमचं गेलं. बेडाक्विलिन हे औषध जंतूचं ऊर्जा बनवणारं एटीपी सिंथेज यंत्रच बंद पाडतं, त्यामुळे निपचित जंतूही मरतात. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा चार गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स भारताने २०२४ मध्ये मंजूर केला. तो प्रत्येकाला चालतोच असं नाही. हृदयाचा ईसीजी, रक्त, डोळे आणि हातापायांच्या नसा यांवर लक्ष ठेवावं लागतं.

या औषधामागे माणसांची लढाईही आहे. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघींचंही ऐकू येणं टीबीच्या उपचारात गेलं. बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून त्यांनी भारतात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने मुदतवाढीचा अर्ज फेटाळला.

१५. मानेत गाठीचा टीबी आहे. औषध सुरू केल्यावर गाठ उलट वाढली. औषध चुकलं का?

बहुधा नाही. जंतू मरताना त्यांचे तुकडे बाहेर पडतात आणि सावरलेल्या टी-पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, त्यामुळे गाठ काही काळ सुजते. एचआयव्हीचं औषध नव्याने सुरू झालेल्यांत हे जास्त दिसतं. तरी दाखवून घ्या, कारण औषधाला दाद न देणारा जंतू नाही ना, हे डॉक्टरांनी पाहायला हवं. नुसता गाठीचा टीबी इतरांना लागत नाही.

१६. थुंकीत लाल जंतू दिसले, पण सीबीनॅट निगेटिव्ह. कोण खरं?

दोन्ही खरे असू शकतात. मेणचट कवचामुळे लाल रंग धरून ठेवणारे याच कुळातले दुसरे जंतू माती-पाण्यात असतात. त्यांचा आजार वेगळा आणि औषधंही वेगळी. कल्चर करून जंतू ओळखल्याशिवाय टीबीचा कोर्स रेटू नये.

१७. रिफाम्पिसिनबद्दल सीबीनॅट चुकतं का?

क्वचित, आणि दोन्ही बाजूंनी. त्या ८१ अक्षरांत असा बदल असू शकतो की अक्षर बदलतं पण प्रथिन तेच राहतं. मशीन ‘रेझिस्टन्स’ म्हणतं, औषध मात्र चालतं. उलट, आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशात पट्ट्याच्या बाहेरच्या बदलामुळे औषधाला न जुमानणारे जंतू मशीनच्या नजरेतून सुटले होते. म्हणून रिपोर्ट आणि तब्येत यांचा मेळ बसत नसेल तर लाइन प्रोब किंवा कल्चर मागा (प्रश्न ६ पाहा).

१८. तीन वर्षांपूर्वी टीबी बरा झाला. आता साधा खोकला आहे आणि सीबीनॅटमध्ये ‘ट्रेस’ आलं. पुन्हा कोर्स करायचा का?

लगेच नाही. मशीनला मेलेल्या जंतूचा डीएनएही दिसतो आणि तो बरं झाल्यावर काही वर्षं अंगात राहू शकतो. याच कारणाने उपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहायला सीबीनॅट वापरत नाहीत, थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी आणि कल्चर वापरतात. ‘ट्रेस’ हा शब्द सीबीनॅटच्या नव्या अल्ट्रा चाचणीत येतो. डीएनए अगदी नाममात्र सापडला असा त्याचा अर्थ, आणि एवढ्याशा डीएनएवरून रिफाम्पिसिनबद्दल काहीच सांगता येत नाही. एचआयव्ही असलेल्यांत, लहान मुलांत किंवा फुप्फुसाबाहेरच्या नमुन्यात ‘ट्रेस’ आलं तर ते टीबीच धरतात. तुमच्यासारख्या पूर्वी कोर्स पूर्ण केलेल्या माणसाचा नवा नमुना घेतात, कल्चर लावतात आणि छातीचा नवा एक्स-रे जुन्याशी ताडून पाहतात. जुना एक्स-रे आणि निक्षय क्रमांक घरात सापडला तर तपासणीला जाताना सोबत न्या.